खाज : शून्य ते दहा

आमच्या मोत्याला खाज सुटते, हा सांगवीत सार्वजनिक विषय आहे. त्यावर बोलायला पशुवैद्यकाची पदवी लागत नाही, पारावर टेकायला जागा मिळाली की पुरे. कडुलिंबाचा पाला, ताक-हळद, करंजाचं तेल आणि सगळ्यांवर कडी म्हणजे ट्रॅक्टरचं जळकं ऑईल. "आमच्या कुत्र्याला दोनदा चोपडलं, परत म्हणून खाजवलं नाही," असं तात्या सांगतात. ते कुत्रं हल्ली कुठं असतं, असं विचारलं की तात्या ऊसतोडीच्या टोळीचा विषय काढतात.

माझी तक्रार उपायांबद्दल नाही, पद्धतीबद्दल आहे. परदेशात असल्या उपायांच्या रीतसर चाचण्या होतात. ओक्लासिटिनिब नावाची गोळी अमेरिकेत 2013 साली मंजूर झाली, ती खाजेनं हैराण झालेल्या चारशेहून अधिक पाळीव कुत्र्यांवर पारखून. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कुणाला कुठली, हे ना मालकाला ठाऊक ना डॉक्टरला. आमच्याकडे मोत्याला काय लावलं हे अख्ख्या आळीला ठाऊक असतं, फक्त मालकाला नसतं. मी संध्याकाळी घरी येतो तेव्हा कुत्रं पिवळं झालेलं असतं.

आता खाज मोजायची कशी? कुत्रं काही सांगत नाही, म्हणून मालकाच्या हातात दहा सेंटिमीटरची उभी रेघ देतात. तळाला निरोगी कुत्रं, वरच्या टोकाला डॉक्टरांच्या खोलीतसुद्धा खाजवायचं न थांबणारं. मालकानं मध्ये कुठं तरी खूण करायची. मी वहीत रेघ आखून आठवर खूण केली. बायको म्हणाली चार, कारण तिला रात्री गाढ झोप लागते. आईनं रेघेकडं न बघताच दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या आणल्या. आणि दवाखान्यात मोत्या दाखवायला आणलेल्या नवऱ्या मुलासारखा निमूट उभा राहतो, त्यामुळं त्याला दहा मिळायची आशाच नको.

त्या चाचणीत यश म्हणजे आठवड्यात किमान पाच दिवस खूण दोन सेंटिमीटर तरी खाली यायला हवी. खऱ्या गोळीवर 67 टक्के कुत्री पास झाली. औषध नसलेल्या गोळीवर 29 टक्के. खाज आपली आपणही कमी-जास्त होते, आणि मालकाला बरं वाटायची घाई असते. हा आकडा मी मोठ्या आशेनं पारावर सांगितला. तात्यांनी शांतपणे विचारलं, "नुसत्या गोळीनं 29, मग ऑईलनं किती?"

मोत्याला अशा चाचणीत कुणी घेणारही नाही. आधी पिसवा-गोचीड नसल्याची खात्री हवी, आणि त्याची दुपार म्हशींच्या गोठ्यात जाते. खाण्याची ॲलर्जी नाही हे ठरवायचं तर साधारण आठ आठवडे एकच ठरलेलं अन्न. आठ आठवडे! सकाळी समोरच्या वहिनींची शिळी चपाती, दुपारी दुकानातलं पारले-जी, रविवारी ज्याच्या घरी मटण त्याच्या दारात मुक्काम. वहिनींना हात जोडून नको म्हटलं, तर "मुक्या जनावराच्या तोंडचा घास काढता होय?" असं ऐकून घ्यावं लागलं, तेही चारचौघांत. तोवर मोत्यानं चपाती संपवली होती.

कालव्याच्या कडेनं गाजर गवत छातीएवढं माजलंय. 1950 च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलेलं हे गवत माणसाच्याही कातडीला सोडत नाही, पण पारावर त्याच्यावर कुणाचा संशय नाही. संशय सगळा आमच्या घरच्या दुधावर.

तरी सर्वांना विनंती, इथून पुढं मोत्यावर प्रयोग करायचा तर मालकाची लेखी संमती घ्यावी, चाचणीवाले घेतात. जळक्या ऑईलला मात्र संमती मिळणार नाही. त्यानं कातडी पोळते, आणि कुत्रं अंग चाटतं म्हणून ते पोटातही जातं. ज्यांच्याकडं डबा भरून शिल्लक आहे, त्यांनी ते आमच्या फाटकाच्या बिजागऱ्यांना घालावं. त्या कधीपासून करकरतायत, आणि त्यावर अजून एकानंही उपाय सुचवलेला नाही.