मीटर कुणाच्या बाजूने बिघडतो?

जुन्या गाडीच्या बाजारात पहिला प्रश्न ठरलेला असतो: रनिंग किती? इंजिन, रंग, विमा, मालक कितवा, हे सगळे त्यानंतर. या प्रश्नाचे उत्तर देण्याचे काम डॅशबोर्डवरच्या ओडोमीटरकडे असते आणि गाडी स्पोर्ट्स कार असेल तर त्या पाच-सहा आकड्यांवर काही लाखांचा फरक पडतो. अशा जबाबदार यंत्राच्या बिघाडात एक विलक्षण शिस्त दिसते. ते बिघडते तेव्हा थांबते, नाहीतर मागे जाते. नऊ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचा आकडा भरकटून नव्वद हजारांवर गेला आणि मालक रडकुंडीला येऊन मेकॅनिककडे धावला, असे ऐकिवात नाही. उलट भाड्याचा मीटर बिघडला की पळत सुटतो, आणि तेही नेमका प्रवासी परगावचा असेल तेव्हा. यंत्रशास्त्राच्या पुस्तकांत बिघाडाची कारणे झीज, उष्णता आणि ओलावा अशी दिलेली असतात. त्या यादीत हितसंबंध हे चौथे कारण घालायचे राहून गेले आहे, एवढेच या सदराचे म्हणणे.

या विषयाला पालघर जिल्ह्याइतकी योग्य जागा नाही. इथला महामार्ग ४८ क्रमांकाचा आणि गाड्यांची पाटीही एमएच ४८; दोन सरकारी खात्यांचे आकडे एकमेकांशी जुळल्याचे हे दुर्मीळ उदाहरण. महामार्गाचा जुना क्रमांक आठ होता, तो बदलून बरीच वर्षे झाली, तरी लोकांच्या तोंडून आठ अजून पुरता गेलेला नाही. आकडा बदलला म्हणून रस्ता बदलत नाही, हे इथल्या माणसाला उपजत ठाऊक आहे. याच रस्त्यावर रविवारी पहाटे मुंबईहून बुटक्या, रुंद, गुरगुरणाऱ्या गाड्या मनोर-चारोटीकडे येतात आणि ऊन चढायच्या आत परततात. मनोरला किंवा चिल्हार फाट्याला वळून पालघर-बोईसरकडे येण्याचे धाडस त्यातल्या थोड्याच करत असाव्यात. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकाप्रमाणे गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर, आणि अशा गाड्यांचे पोट जमिनीपासून साधारण तेवढ्याच नाहीतर थोड्या जास्त उंचीवर. शिवाय गावोगावचे गतिरोधक मानक वाचून बांधलेले नसतात. म्हणजे इथल्या स्पोर्ट्स कारचे रनिंग मुळातच कमी असणार, हे मान्य. प्रश्न आहे तो कमी रनिंग कमी चालल्यामुळे झाले की मीटर कमी चालल्यामुळे, एवढाच.

पहिला आक्षेप जाणकारांचा, आणि तो वजनदार आहे. ते म्हणतात, बिघाडात कसला आलाय हेतू? गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांतल्या पोर्शे ९११ किंवा ९४४ घ्या. त्यांच्या ओडोमीटरमधली प्लास्टिकची इवली दातेरी चाके उष्णतेने आणि वयाने ठिसूळ होतात, त्यांचे दात झडतात आणि आकडे जागच्या जागी थिजतात. गाडी धावत असताना ट्रिप मीटरची कळ दाबून शून्य केले, तर त्या म्हाताऱ्या दातांवर ताण येऊन ते तिथल्या तिथे तुटू शकतात. हे खरे आहे. वेगाचा काटा मात्र त्याच डबीत बिनतक्रार डुलत राहतो. म्हणून मालकाला कळलेच नाही, असेही म्हणता येईल. पण गाडीच्या हॉर्नचा सूर अर्धी पट्टी उतरला तरी ज्याच्या जिवाची कालवाकालव होते, पेट्रोलच्या प्रत्येक टाकीचा हिशेब जो तोंडपाठ सांगतो, त्याला समोरचा आकडा तीन दिवाळ्या हललेला नाही हे दिसत नाही? चाक बदलणे अवघड असेल, अशक्य नाही. डबी काढायची, सुटे चाक बसवायचे, डबी लावायची. तुटण्यात कुणाचा हेतू नसेल. तुटलेले तसेच ठेवण्यात तो हळूच येऊन बसतो. आणि विकायच्या आदल्या आठवड्यात चाक बदलून मीटर पुन्हा जिवंत झाला, तर ती दुरुस्ती की पुनर्जन्म, हे ठरवायला धर्मशास्त्रीच हवेत.

दुसरा आक्षेप रसिकांचा. स्पोर्ट्स कार ही कलाकृती, तिला किलोमीटरने काय मोजता? मान्य, पण मग जाहिरातीच्या पहिल्या ओळीत ‘फक्त इतके हजार चाललेली’ कशाला? चित्र विकताना कुणी ‘फक्त चारदा पाहिलेले’ असे लिहीत नाही. रसिकांची दुसरी अडचण अशी की कमी चाललेली गाडी चांगलीच, हेही खरे नाही. बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात खारा वारा आहे, औद्योगिक वसाहतीचा धूर आहे. उभ्या गाडीचे रबर सुकते, ब्रेकच्या तबकड्यांवर गंज चढतो, टाकीतले पेट्रोल शिळे होते. ओडोमीटर यातले काहीच मोजत नाही. तो अंतर मोजतो, वय नाही. तरीही आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो, कारण आकडा छापील दिसतो.

तिसरा आक्षेप आधुनिकांचा: आता सगळे डिजिटल आहे, मीटर मागे करायचे दिवस गेले. खरे तर सोय वाढली. पूर्वी मीटर मागे करायला डबी उघडावी लागे आणि घाईत केलेल्या कामात आकड्यांच्या चकत्या ओळीत बसत नसत; एखादा आठ जरा वर तरंगायचा आणि चोरी सांगायचा. आता आकडा एका चिपमध्ये असतो आणि योग्य उपकरण असलेल्या माणसाला तो बदलायला गाडीवर ओरखडासुद्धा पाडावा लागत नाही. १९८६ च्या ‘फेरिस ब्यूलर्स डे ऑफ’ या चित्रपटात दोन मुले फेरारी उंच उचलून रिव्हर्स गिअरमध्ये चाके फिरवत बसतात, आकडा काही उतरत नाही आणि शेवटी गाडीच दरीत जाते. बिचारी चुकीच्या युगात जन्मली. अर्थात चोर हुशार असला तरी गाडी वाचाळ असते: काही गाड्यांत हाच आकडा इंजिनच्या किंवा गिअरबॉक्सच्या संगणकातही लिहिलेला असतो, टायरच्या कडेवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष असते, पेडलच्या रबराची झीज कोणत्याही चिपमधून पुसता येत नाही. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाल्यामुळे खानिवडे आणि चारोटीच्या नाक्यांवरही गाडीची हजेरी लागते. नऊ हजार चाललेल्या गाडीला तिसऱ्या टायरजोडीची गरज का पडली, एवढे विचारले तरी पुरे.

मग कायदा? तो आहेच, फक्त त्याची नजर दुसरीकडे आहे. भाड्याच्या मीटरची वैधमापनशास्त्र खाते तपासणी करते आणि त्याला सील ठोकते. बोईसर स्टेशनबाहेर बहुतेक प्रवास शेअर रिक्षाने होतो, तिथे मीटर हा शोभेचा दागिना. पण कायद्याचा सारा जीव त्या दागिन्यात. कोटीच्या गाडीच्या ओडोमीटरला सील नाही. आरसी बुकात चासी नंबर आहे, इंजिन नंबर आहे, रंगही आहे. गाडी किती चालली याचा रकाना नाही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्याने प्रत्येक फेरीची नोंद ठेवावी असा नियम आला: फेरी कशासाठी, चालक कोण, वेळ काय, किलोमीटर किती. म्हणजे दुकानात आल्यावर गिऱ्हाइकाने मारलेली आठ किलोमीटरची चक्कर दप्तरी लागेल आणि त्याआधीचे ऐंशी हजार विक्रेत्याच्या शब्दावर. कुणी फसवले तर फसवणुकीचे कलम आहे, पूर्वी ४२०, आता भारतीय न्याय संहितेत ३१८. पण फसवले हे सिद्ध करायला मूळ आकडा हवा, आणि तोच तर गेला. (महाराष्ट्राशी नाते सांगणाऱ्या डीसी अवंती या स्पोर्ट्स कारबाबत मुंबई पोलिसांनी डिसेंबर २०२० मध्ये गुन्हा नोंदवला, त्यात आरोप एकाच चासी नंबरावर एकाहून जास्त गाड्या नोंदवल्याचा होता. ठोकून कोरलेल्या नंबराची ही कथा, तर फिरत्या आकड्याची काय मातब्बरी.) बेल्जियमने २००६ पासून प्रत्येक सर्व्हिसिंगला आकडा एका मध्यवर्ती नोंदीत टाकायला लावला, विकताना तो कागद द्यावाच लागतो. जर्मनीत २००५ पासून मीटर फिरवणे हाच गुन्हा आहे, गाडी विकलेली असो वा नसो. अमेरिकेत तर आकडा खरा नसेल तर मालकीच्या कागदावर तसे लिहावे लागते.

तरी परदेशात जायची गरज नाही. उत्तर बोईसरहून शेअर रिक्षाच्या अंतरावर आहे. तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीत शोषक दांडे वर टांगलेले असतात. वीज गेली की पकड सुटते आणि दांडे स्वतःच्या वजनाने खाली पडून भट्टी बंद होते. बिघाड होणार हे अभियंत्यांनी गृहीत धरले आणि तो कोणत्या बाजूला झुकावा हे आधीच ठरवून टाकले. तिथल्या कामगाराच्या छातीवरचा बिल्ला म्हणजे माणसाचा ओडोमीटर: शरीरावर पडलेला किरणोत्सार त्यात साठत जातो, आणि ठेकेदार बदलला म्हणून मागची मात्रा पुसली जात नाही. १९६९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन भट्ट्यांची क्षमता पुढे २१० वरून १६० मेगावॉटवर आणली, तीही कागदावर, उघड. आकडा मागे घ्यायचीही एक प्रामाणिक रीत असते ती ही. वेगाच्या काट्याबाबत जगाने हेच केले आहे: आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे तो खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवूच शकत नाही, जास्त दाखवला तर मर्यादेत चालतो. चूक करायची तर सावधपणाच्या बाजूने कर, असे काट्याला बजावले आहे. त्याच डबीतल्या ओडोमीटरला मात्र कुणी काही सांगितलेले नाही.

न सांगितल्यावर काय होते तेही शेजारीच दिसते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीचे सामायिक सांडपाणी केंद्र दिवसाला २५ दशलक्ष लिटरचे होते, त्यात येणारे सांडपाणी मात्र त्याहून जास्त. कागदावरची परवानगी आणि नवापूरच्या समुद्रात पोचणारे पाणी यांचा हिशेब जुळत नव्हता, आणि तो चुकत होता कोणत्या बाजूने, हे सांगायला नको. मासेमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने ते प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाकडे नेले. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने शंभराहून अधिक कारखाने आणि केंद्र यांच्यावर मिळून सुमारे १८६ कोटींची भरपाई लावली. मासेमारांकडे मीटर नव्हता. जाळी रिकामी येत होती, तेवढे मोजमाप त्यांना पुरले.

तेव्हा तारापूरच्या अणुभट्टीचीच रीत मीटरलाही लावावी. बंद पडलेल्या ओडोमीटरवरचा आकडा कमीत कमी समजावा आणि गाडी त्या वर्षाच्या मॉडेलला शक्य तेवढी जास्तीत जास्त चालली असे धरून किंमत व्हावी. प्रामाणिक मालकावर हा अन्याय आहे, असे कुणी म्हणेल. पण प्रामाणिक मालकाकडे सर्व्हिसिंगची बिले असतात, मीटर बदलल्याची पावती असते, जुना आकडा लिहिलेला कागद असतो. त्याने ते दाखवावे आणि आपला भाव घ्यावा. सध्या पुराव्याचे ओझे गिऱ्हाइकावर आहे, ते फक्त पलीकडच्या खांद्यावर जाईल. नियम आल्यावर दात झडलेली चाके महिन्याभरात कशी बदलली जातात ते पाहण्यासारखे असेल. जाहिरातीही सुधारतील: ‘विकणे आहे. लाल रंग, दोन दारे, मीटर बंद. कधीपासून ते मालकास माहीत. टायर तिसरे.’