हेरोदाला कळवू नका

राहुरीत दिवाळीचा आकाशकंदील उतरतो न उतरतो तोच शेजारच्या ओट्यावर नाताळची चांदणी चढते, आणि करंज्यांचा दुसरा घाणा तळायला घेतला जातो. नाताळ सगळ्यांच्याच ओळखीचा. पण त्याच्या मागून, 6 जानेवारीला, आणखी एक सण हळूच येऊन जातो: तीन राजांचा. गोव्यात त्याचा थाट मोठा. तिथे त्यांच्याच नावाचे, म्हणजे रेइश मागूश, चर्च आहे, किल्ला आहे. कासावलीकडे तीन मुलगे राजे बनून, घोड्यावर बसून टेकडीवरच्या कपेलात जातात. आपल्या नगर जिल्ह्यात 1831 साली अमेरिकन मिशन आले ते साध्या, बिनभपक्याच्या वळणाचे. इथे या राजांना विशेष मानपान नाही. बहुतेक घरांत त्या सुमाराला चांदणीची वायर गुंडाळून माळ्यावर टाकायचे काम तेवढे निघते.

माझे मत असे की संगणकाच्या धंद्यातल्या लोकांना वर्षातून एकच सुट्टी द्यायची झाली, तर ती याच दिवशी द्यावी. नाताळची देऊ नये. नाताळला ते केक खातात आणि लॅपटॉप उघडा ठेवतात.

कारण हे राजे मुळात राजे नव्हतेच. बायबलमध्ये मत्तयाने त्यांना मागी म्हटले आहे, म्हणजे आकाशातल्या नोंदी ठेवून त्यातून अर्थ काढणारी पूर्वेकडची जाणकार मंडळी. आजच्या हिशेबाने हिंजवडीतलीच. ते तीन होते असेही मत्तय सांगत नाही. भेटी तीन होत्या: सोने, ऊद आणि गंधरस. त्यावरून पुढच्यांनी माणसे तीन धरली, मग त्यांच्या डोक्यावर मुकुट ठेवले, बुडाखाली उंट दिले आणि शेवटी गास्पार, मेल्कियोर, बाल्थाझार अशी नावेही ठेवून टाकली. माहितीत पोकळी दिसली की आत्मविश्वासाने भरून काढायची, ही खोड हल्लीच्या बोलक्या यंत्रांनी लावली असे आपल्याला उगाच वाटते. यंत्राने केले की आपण त्याला भ्रम म्हणतो, माणसांनी काही शतके केले की परंपरा.

तर तारा पाहून बाळ येशूच्या शोधात निघालेल्या या मागींची माहिती अगदी बिनचूक होती. तारा खरा, दिशा खरी, राजा जन्मला हेही खरे. घोटाळा एका ठिकाणी झाला. राजा म्हटल्यावर तो राजवाड्यातच असणार असे धरून ते थेट यरुशलेमला गेले. मूल होते बेथलेहेमला, तिथून आठ-नऊ किलोमीटरवर. एवढा प्रवास करून शेवटच्या आठ-नऊ किलोमीटरांत चुकायचे, हे दुःख तंत्रज्ञानवाल्यांना नवे नाही.

राहुरीला कृषी विद्यापीठ असल्यामुळे हे शेवटचे किलोमीटर आम्हाला रोज दिसतात. विद्यापीठाच्या शेतांवर ड्रोन उडतात, मातीत सेन्सर पुरलेले असतात, पिकाला पाणी कधी आणि किती द्यायचे ते सांगणारे मोबाइल अ‍ॅपही त्यांनी काढले आहे. हिशेब पक्का असतो, त्यात शंका नाही. पण समजा फोनने सांगितले, उद्या सकाळी पाणी द्या. उद्या सकाळी लाइट कुठे आहे? शेतीची लाइट पाळीने येते, या आठवड्यात पाळी रात्रीची. कॅनॉलचे पाणी धरावे तर मुळा धरणाचे आवर्तन सुटायला अवकाश आहे. रात्री मोटार चालू करायला जावे तर उसात बिबट्या आहे, आणि त्याला कोणतेच वेळापत्रक लागू नाही. वाफशाचा अंदाज मातीत पुरलेला सेन्सर देईल. बिबट्याचा अंदाज बांधावरच्या माणसालाच विचारावा लागतो. हा माणूस यरुशलेमच्या बैठकीला नसतो. त्याला कुणी बोलावलेलेच नसते.

या बाबतीत मागींनी नंतर सुधारणा केली, हे कबूल करायला हवे. चित्रांत त्यांना गोठ्यात दाखवतात, पण मत्तय म्हणतो ते घरात गेले. घरात जाणे महत्त्वाचे. मोठी कल्पना घरातून कशी दिसते हे ज्याला पाहायचे असेल त्याने लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचावीत. लक्ष्मीबाई आणि त्यांचे पती रेव्हरंड टिळक काही काळ आमच्या राहुरीत राहिलेले, त्यामुळे हा सल्ला मी थोड्या गावाभिमानानेही देतो. रेव्हरंड टिळकांना कल्पना सुचायची, आणि तिची पहिली चाचणी लक्ष्मीबाईंवर व्हायची. पैसे वाटून टाकले, कुणाला तरी घरी आणले, अचानक कुठेतरी निघून गेले: प्रत्येक वेळी मागचे निस्तरायला बाई. एवढे सोसून त्यांनी जे लिहिले त्याला विनोदाची धार आहे आणि कडवटपणा नाही. वापरणाऱ्याचा अभिप्राय इतका उत्तम कोणत्याही कंपनीला मिळालेला नाही. मिळाला तरी त्यांनी तो पाच ताऱ्यांच्या रांगेत बसवला असता.

पण या गोष्टीतला खरा काटा पुढे आहे. मागींनी यरुशलेमात चौकशी केली आणि ती हेरोद राजाच्या कानावर गेली. हेरोदाने आरडाओरडा केला नाही. त्याने मागींना गुपचूप बोलावून घेतले, तारा नेमका कधी दिसला ते नीट विचारून ठेवले, आणि म्हणाला, मूल सापडले की मलाही कळवा, म्हणजे मीही येऊन नमन करीन. अटी व शर्ती याहून गोड भाषेत कुणी लिहिल्या नसतील. मागींनी तारीख सांगितली. त्यात न सांगण्यासारखे काय होते? ताऱ्याची तारीख ती, कुणाचे खासगी थोडेच होते. पुढे हेरोदाने बेथलेहेमातली दोन वर्षांची आणि त्याखालची मुले मारायला लावली, ती मागींकडून कळलेल्या वेळेवरून हिशेब करून, असे मत्तयाने स्पष्ट लिहिले आहे. मागी चांगले होते. भक्तिभावाने आले होते. त्यांनी दिलेला एक निरुपद्रवी आकडा दुसऱ्याच्या हातात चाळणी झाला.

त्यांना शहाणे म्हणायचे ते तारा ओळखला म्हणून नव्हे, तर नंतर अहवाल पाठवला नाही म्हणून. स्वप्नात सूचना झाली आणि ते दुसऱ्या वाटेने आपल्या देशी गेले. (नगर-मनमाड रस्त्यावरून जाणाऱ्याला दुसरी वाट धरायला स्वप्नाचीही गरज पडत नाही, पहिला पावसाळा पुरतो.) योगायोग असा की 6 जानेवारी हाच आपला पत्रकार दिन. 1832 साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. माहिती कुठून मिळाली हे दरबारात सांगायचे नाही, हे पत्रकारांनाही शिकावे लागते. संगणकवाल्यांच्या शिक्षणात मात्र माहिती गोळा कशी करायची याचे विषय भरपूर, आणि कुणाला द्यायची नाही याचा बहुधा एखादा तास, तोही शुक्रवारी दुपारी.

आमच्या ओळखीच्या एका घरी नाताळला पुण्याहून भाचा आला होता. शेतकऱ्यांसाठी कांद्याचे अ‍ॅप बनवतो. फराळाचे ताट पुढ्यात घेऊन तो उत्साहाने मावशीला सांगत होता, कुणाच्या चाळीत किती कांदा आहे, किती दिवस टिकेल, सगळे फोनवर दिसणार.

“कुणाच्या फोनवर?” मावशीने विचारले.

“ज्याचा कांदा त्याच्या. अन् एकूण माहिती आमच्या सर्व्हरवर.”

“सर्व्हर कुणाचा?”

“कंपनीचा.”

“अन् कंपनीत पैसा कुणी घातलाय?”

भाच्याने एका मोठ्या गुंतवणूकदाराचे नाव घेतले. मावशी गेली तीसेक वर्षे मार्केट यार्डात कांदा घालते आहे. तिला ते नाव माहीत असायचे कारण नव्हते. तिने एवढेच विचारले, “तो कांदा विकत घेतो का रे?”

“मावशी, मला विचारून सांगावं लागेल,” भाचा म्हणाला.

“विचार,” मावशी म्हणाली, “पण आमच्या चाळीचा फोटो तोवर काढू नको,” आणि तिने त्याच्या ताटात आणखी दोन करंज्या वाढल्या.