एतद्द्वारे, मी दिलो

इंग्रजी दप्तरात 'हिअरबाय' नावाचं एक क्रियाविशेषण आहे. दिसायला किरकोळ, पण रुबाब फौजदाराचा. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत त्याचा एक मजेदार उपयोग सांगितला. ज्या वाक्यात हा शब्द बिनबोभाट बसतो, ते वाक्य बातमी देत नसतं, तिथल्या तिथं काम उरकत असतं. 'मी याद्वारे राजीनामा देतो' हे बसतं, कारण एवढं म्हटलं की राजीनामा झालाच. 'मी याद्वारे भाकर खातो' हे बसत नाही, कारण बोलल्यानं पोट भरत नाही. या अर्थानं हा शब्द म्हणजे कागदावरची जबान आहे. आणि जबान द्यायची तर देणारा समोर लागतो. आमच्या मराठवाड्यात हा शब्द आला, मुरला, नोटिशीनोटिशीत जाऊन बसला. फक्त देणारा तेवढा वाटेत कुठंतरी उतरून गेला.

आमच्याकडं तो पहिल्यांदा इंग्रजीतून आलाच नाही, ही आणखी गंमत. सप्टेंबर १९४८ पर्यंत इथं निजामाचं राज्य; नांदेड काय नि लातूर काय, कचेरीची भाषा उर्दू. तिथं 'बजरिए नोटीस हाजा', म्हणजे या नोटिशीद्वारे, इत्तला दिली जायची. पुढं १९५६ साली आम्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलो, तिथं इंग्रजी वळण भेटलं. १९६० साली महाराष्ट्र झाला, भाषा संचालनालय आलं, १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला आणि मराठी कचेरीत शिरली ती नऊवारी शालू नेसून. हाजाचं एतद्द्वारे झालं, शिवाय याद्वारे, यान्वये, तदनुसार असा भाऊबंदही मागोमाग आला. तीन भाषा बदलल्या, पण 'कळविण्यात येते' या शेपटाला कुणी हात लावला नाही. इत्तलाही 'दी जाती' होती, सूचनाही 'देण्यात येते'. राज्य कुणाचंही असो, कळवणारा कायम रजेवर.

एतद्द्वारे या शब्दात एतद् आणि द्वारे मिळून दोन द आहेत. तो नेमका लिहिलेला कागद दाखवावा आणि चहा प्यावा. बहुतेक ठिकाणी 'एतद्वारे' असतं, कधी 'येतद्वारे' होतं आणि एक द सरकारजमा होतो. तरी आदेश रद्द झाला, जाहीर प्रगटन फेटाळलं गेलं असं कधी होत नाही. बैलाचा एक पाय मोडला तर गाडी थांबते. या शब्दाचा मोडला तरी गाडी चालतेच, म्हणजे गाडीला तो जुंपलेलाच नव्हता, मागं बांधला होता.

यावर कुणी म्हणेल, कायद्याला नेमकेपणा लागतो. कोणत्या कागदानं काम झालं ते कळायला नको? जरूर कळावं. त्यासाठी जावक क्रमांक आणि दिनांक असतो. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: 'प्रवाशांना सूचना देण्यात येते' अशी कर्ता नसलेली वाक्यं ऑस्टिनलाही मान्य होती. होती, पण बोलणारा दिसत नसेल तर लेखी मजकुराखाली त्याची सही असते, ही सोयही त्यानंच दाखवली. ऑक्सफर्डमध्ये बसून त्याला 'करिता' ठाऊक नव्हतं. आमच्याकडं सही असते, पण सहीखाली साहेबाचं पदनाम आणि पुढं 'करिता'. वाक्यातून पळालेला माणूस सहीतूनही निसटतो.

शब्द मुळात वाईट नाही. संविधानाच्या मराठी उद्देशिकेत 'याद्वारे' आहे आणि तिथं तो शोभतो, कारण वाक्याची सुरुवातच 'आम्ही'नं होते. देणारे हजर आहेत, तारीख आहे, २६ नोव्हेंबर १९४९. त्याच महिन्यात निजामानं फर्मान काढून हे संविधान हैदराबादलाही मान्य केलं. फर्मान म्हणजे काही लोकशाही नव्हे, पण ते कुणी काढलं हे शोधायला माहितीचा अधिकार लावावा लागत नव्हता, एवढं कबूल केलं पाहिजे.

आता आमच्या बोलीकडं या. 'मी सांगितलो', 'मी दिलो', 'मी केलो' असं आमचा माणूस म्हणाला की पुण्याकडं हसू फुटतं. शुद्ध रूप 'मी पावती दिली'. या शुद्ध वाक्यात देणारा मी, पण क्रियापद मान तुकवतं पावतीपुढं! कानडीत 'नानु कोट्टे', तेलुगूत 'नेनु इच्चानु'. दोन्हीकडं क्रियापद देणाऱ्याचं ऐकतं. उदगीर-निलंग्याला कानडीचा शेजार, देगलूर-धर्माबादला तेलुगूचा. तिथून हे वळण आलं असावं. व्याकरणाच्या मास्तरांना ते चूक वाटतं. वाटो. पण 'मी दिलो' म्हणणाऱ्याला उद्या 'मी नव्हतोच' म्हणता येत नाही. त्या 'लो'मध्ये तो स्वतः बसलेला आहे. 'हिअरबाय'ला जे काम करायचं होतं ते हा 'लो' एका अक्षरात करतो, तेही संधी न सोडवता. लातूरच्या आडतीत सौदा निघतो तेव्हा कुणी एतद्द्वारे म्हणत नाही. 'दिलो' म्हटलं की तूर गेली.

म्हणून शासन व्यवहारात 'दिलो' आणा असा अर्ज मी करणार नाही. त्याची पोच 'देण्यात येईल' आणि मिळणार नाही. वाचकांना मात्र सांगणं आहे. 'आपणांस एतद्द्वारे कळविण्यात येते की' असा कागद हाती आला तर द मोजत बसू नका. खिडकीपाशी जावा आणि एवढंच विचारा, "साहेब, कोण कळवायलंय?"