राखणदाराचा मासिक पास

डिसेंबरात भाच्याकडे बोरिवलीला चार दिवस राहायला गेलो. पहिल्याच रात्री जेवताना भाचा म्हणाला, "मामा, उद्या पाचला उठा. नॅशनल पार्कात जायचंय."

"कोणाचं काय हरवलं?" मी विचारलं.

आमच्या मालवणाकडे पहाटे पाचला माणूस रानाच्या वाटेला लागला, तर एक तर त्याची गाय रात्री घरी आलेली नसते, नाहीतर घरात संडास नसतो. तिसरं कारण माझ्या ऐकिवात नाही. भाच्याने कपाळाला हात लावला. "मामा, हाइक!" पगारात होते ती हाइक मला ठाऊक होती, पायांनाही होते हे नवीन कळलं.

सकाळी दाराशी आधी चपलांवरून अडलं. माझ्या पायातल्या चामड्याच्या वहाणा बघून भाचेसून म्हणाली, "मामा, यांना ग्रिप नाही. ट्रेलसाठी वेगळे शूज लागतात." भाच्याच्या बुटांची किंमत ऐकली आणि मला थेट आरवलीचा वेतोबा आठवला. वेंगुर्ल्याजवळचा हा आमचा देव रात्रभर पायी फिरून गावाची राखण करतो अशी श्रद्धा आहे. त्या फिरण्यात त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त त्याला चामड्याच्या थोरल्या वहाणा वाहतात. सोबत केळ्यांचा घड. म्हणजे तालुक्यातला सर्वात जुना आणि सर्वात नियमित वॉकर. त्याला ग्रिपविषयी अजून कोणी विचारलेलं नाही, आणि चालून आल्यावर केळं खावं हे त्याला आहारतज्ज्ञांच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे.

तर आम्ही फाटकाशी पोचलो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटर. एवढं मोठं जंगल महानगराच्या कुशीत टिकलं, याबद्दल मुंबईकरांचं कौतुक करायला हवं, आणि बिबट्यांचं त्याहून जास्त. रोज येणाऱ्यांसाठी पास असतो. रानात चालायला पास! वेतोबाला मासिक पास काढायला लावला असता, तर त्याने पत्ता कुठला दिला असता, आणि पासपोर्ट साइज फोटोत मावला तरी असता का, याचा विचार करत मी रांगेत उभा राहिलो. आत शिरताना सवयीने हात जोडले गेले आणि तोंडातून हळूच गाऱ्हाणं निघालं: "बा राखणदारा म्हाराजा, मालवणसून इललो ह्यो म्हातारो आज तिकीट काढून तुझ्या रानात चालाक इलो हा. तेका बिबट्याचा दर्शन नको, पण पायाक लचकही नको. जा काय चुकला-माकला आसात, ता पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मागून आवाज आला. वळून बघतो तर रांगेतलाच एक टोपीवाला गृहस्थ. कणकवलीकडचा निघाला. बोरिवलीत दहा माणसं उभी केली, तर त्यांत 'व्हय म्हाराजा' म्हणणारा एक तरी सापडतोच.

आत चालणाऱ्यांच्या जाती असतात हे मला तासाभरात कळलं. एक जात फोनवर शेअर बाजार बोलत चालते, जो सकाळी सहाला उघडलेलाही नसतो. दुसरी जात खिशात स्पीकर ठेवून पक्ष्यांना भजनं ऐकवते. तिसरी झाडाला मिठी मारून उभी राहते. त्या झाडावर डोंगळे असले तर मिठी लवकर सुटते. चौथी जात हास्य क्लबाची. विनोद न होता पंधरा माणसं एकदम हसताना मी याआधी फक्त ग्रामपंचायतीच्या सभेत पाहिली होती.

भाचा पाचव्या जातीचा. तो जंगलाकडे बघतच नाही, मनगटाकडे बघतो. "मामा, 6,200 झाले. दहा हजार व्हायलाच हवेत." दहाच हजार का, हे मी विचारलं. तो म्हणाला, डॉक्टर सांगतात. डॉक्टर सांगत असतील, पण हा आकडा आला एका जपानी कंपनीकडून. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकनंतर तिथे व्यायामाची लाट आली होती. त्या लाटेत 1965 साली पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं आणि त्याचं नावच ठेवलं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. गोल आकडा, खपायला सोपा. आमच्याकडचा कोळंबी विकणारा वाटा लावताना याच शास्त्राने चालतो.

कान्हेरीच्या वाटेला लागलो. डोंगरात 109 लेणी आहेत, आणि तिथे भिक्षू इसवी सनाच्या आधीपासून शेकडो वर्षं राहिले. त्यांनी खडकात पावसाच्या पाण्याची टाकी खोदली. भाच्याने पाठीवर नळीची पिशवी लावली आहे, तीतून तो दर दोनशे पावलांनी चोखतो. या रानाची खरी चाकरीही पाण्याचीच. विहार तलाव 1860 चा, तुळशी 1879 चा, दोन्ही मुंबईची तहान भागवायला बांधलेले. जंगल राहिलं ते त्यांच्या पाणलोटाच्या आडोशाला. पुढच्या पिढीच्या मॉर्निंग वॉकसाठी ते कोणी राखलेलं नव्हतं.

चढावर आम्ही धापा टाकत होतो. भाच्याच्या दोन्ही हातांत घडीच्या काठ्या. तेवढ्यात बाजूने एक आदिवासी बाई पुढे गेली. डोक्यावर काकड्या-आवळ्यांची भरलेली टोपली, पायात रबरी स्लिपर, काखेत पोर. ती कान्हेरीच्या पायथ्याशी विकायला बसणार होती. भाच्याच्या हाइकच्या ग्रुपमधली एक ताई कौतुकाने म्हणाली, "बघा, किती फिट आहे या लोकांचं आयुष्य!" वर पोचल्यावर त्याच ताईंनी तिच्याशी काकडीच्या पाच रुपयांवरून घासाघीस केली. बाईने भाव सोडला नाही. इथल्या पाड्यांवरची माणसं बिबट्याच्या शेजाराने राहतात आणि वाघोबाला पूजतात. भाव करणाऱ्याला ती काय घाबरणार!

घरी परतल्यावर माझी खरी परीक्षा झाली. भाच्याने विचारलं, "मामा, तुम्ही तिकडे रोज किती चालता?"

आता कबूल करतो. आमच्या दारातून मासळी बाजार तीनशे पावलं. मी स्कूटरने जातो. समुद्रकिनारा दीडशे पावलं. तिथे वर्षात दोनदा जातो: नारळी पौर्णिमेला एकदा, आणि मुंबईचे पाहुणे आले की एकदा. आमच्या जिल्ह्यात मॉर्निंग वॉक जनावरं करतात. दोडामार्गात 2002 पासून कर्नाटकातून हत्ती येतात आणि पहाटे लोकांच्या केळी-फणसांतून फेरी मारून जातात. त्यांना पास लागत नाही, पंचनामा मात्र आपल्याला लागतो.

अभयारण्य आमच्याकडेही आहे. 1987 साली सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा 29.12 चौरस किलोमीटरचा पट्टा मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्याला सगळ्यात जास्त विरोध आम्हीच केला. तो अगदीच खोटाही नव्हता. ज्या पाण्यात बापजाद्यांनी जाळी टाकली, तिथे उद्या चिठ्ठी मागतील ही धास्ती होती. पुढे पर्यटक आले, आम्ही त्यांना नळकांडी लावून प्रवाळ दाखवायला बुडवू लागलो, आणि तेव्हापासून 'निसर्ग जपा' हे वाक्य बोर्डावर आमच्याच अक्षरात दिसू लागलं. पाण्याखाली पावलं मोजता येत नाहीत, हा या अभयारण्याचा एकच दोष.

जानेवारीत भाचा मालवणला आला. सकाळी किनाऱ्यावर रापण लागली होती. होडीने अर्धवर्तुळात टाकलेलं जाळं, दोन्ही टोकांना वाळूवर तीस-चाळीस माणसं, आणि दोर ओढत उलट्या पावली मागे सरकणं. तांडेल ओरडला, "रे झिला, बघतस काय? धर दोरी!" भाच्याने धरली. तासाभरात हात सोलवटले, बूट खाऱ्या पाण्याने भरले, आणि मनगटावरच्या घड्याळाला उलटी पावलं कळेनात. त्याने त्याची नोंद 'इतर' म्हणून केली. शेवटी ओढणाऱ्यांचे वाटे पडले. त्याच्या वाट्याला सात पेडवे आले. आयुष्यातली पहिली कमाई घामाची, म्हणून त्याने तिचा फोटो काढला.

"चला, घराकडे चालत जाऊया," तो म्हणाला.

"चालत कशाक?" मी म्हटलं. "मी स्कूटर हाडलंय."