सेवेकरी भाचेबुवा

पाटसला घरचा चार एकर ऊस असताना पोराने पेरू देशात जाऊन बटाटे खणावेत, तेही स्वतःचे पैसे भरून, हे आमच्या दाजींना अजून पचलेलं नाही. निघताना त्यांनी साधं विचारलं होतं, "मजुरी किती देतात?"

"आप्पा, मजुरी नसते. राहण्याजेवणाचे आपणच द्यायचे. सेवा असते ती."

इकडे रोज वाढवून दिला तरी खुरपायला बाया मिळत नाहीत, आणि घरचा पोरगा परमुलखात फुकट खुरपायला निघालेला. "त्या शेतकऱ्याचा पत्ता दे," दाजी म्हणाले. "असे गडी कुठून मिळवतो, विचारायचंय."

भाचेबुवा परतले ते कान झाकणारी रंगीबेरंगी लोकरी टोपी घालून. मे महिना, टोलनाक्यावर डांबर पाघळतंय, आणि बुवांच्या कानांवर लोकर! प्रत्येक वाक्याची सुरुवात "अँडीजमध्ये ना, मामा..." अशी. चहा दिला की पहिला घोट भुईवर ओतायचा. पाचामामासाठी, म्हणजे केचुआ लोकांच्या धरणीमातेसाठी. घरातल्या म्हातारीला, म्हणजे बुवांच्या आजीला वाटलं, हा कुणी नवाच मामा निघाला. दोन दिवस तिने सोसलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुझ्या त्या मामाला चहा पाजायचा तर कपबशीत पाज. माझं सारवलेलं अंगण नासवू नकोस."

माहिती मात्र पक्की. कुस्कोजवळ पिसाकच्या डोंगरात केचुआ वस्त्यांनी मिळून बटाट्यांचं राखीव रान केलंय, तेराशेच्या वर वाण जपलेत. बुवा सगळे फोटो दाखवतात, एकही गाळत नाहीत. जांभळा, काळा, आतून लाल. एक तर इतका गाठाळ की सोलता सोलता सुनेला रडू यावं. त्याचं नावच तसं आहे म्हणे. तो फोटो म्हातारीने दोनदा बघितला. मग बुवांनी सांगितलं, की थंडीत बटाटे रात्री उघड्यावर गोठवतात, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढतात, वाळवतात. ते वर्षानुवर्षं टिकतात. "पाय धुतात का?" म्हातारीने विचारलं. बुवांकडे तेवढाच फोटो नव्हता.

एक किस्सा बुवा स्वतःच सांगतात, हा त्यांच्या मनाचा मोठेपणा. तिथे एका जर्मन मुलीने विचारलं, "तू महाराष्ट्रातला ना? मग राहीबाई पोपेरेंना भेटलायस?" बुवांना नावही ठाऊक नव्हतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या, महादेव कोळी समाजातल्या, देशी बियाण्यांची बँक चालवणाऱ्या, 2020 साली पद्मश्री जाहीर झालेल्या राहीबाई बुवांनी कुस्कोत बसून मोबाइलवर वाचल्या. इथून अकोलं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर!

आषाढात तुकोबांची पालखी वरवंडचा मुक्काम हलवून पाटसवरून रोटी घाट चढते. म्हातारी त्या दिवशी पहाटेपासून पिठलं-भाकरीच्या मागे. यंदा बुवांनी विचारलं, "आजी, हे कुठल्या संस्थेमार्फत करतेस? नोंदणी कुठे करायची?"

"चुलीम्होरं बस. झाली नोंदणी."

बसले बिचारे. भाकऱ्या जाड झाल्या, कडेने कच्च्या राहिल्या. वारकऱ्यांनी काही न बोलता खाल्ल्या.

गडी वाईट नाही हो. उसाचं पाचट पेटवू नका, कुजवा, हे शेतकी खात्याची माणसं दाजींना किती वर्षं सांगत होती. दाजींनी ऐकलं ते पोराचं, कारण तो विमानाने जाऊन आला होता. आणि पाचट पसरायला सरीत बुवा स्वतः वाकले, टोपी काढून.

तुमच्याही नात्यात असा कुणी असणारच. त्याचे बटाट्यांचे फोटो शेवटपर्यंत बघा, मध्येच उठू नका. मग सांगा, की आज रात्री बाराची लाईट आहे, दारं धरायला माणूस पाहिजे, मजुरी मिळणार नाही. लगेच उठतो.