१२५ जीबीची रंगरंगोटी

साकोली तालुक्यातल्या एकोडीत बसून, दिवसाला २ जीबीच्या रिचार्जवर ‘ऑब्लिव्हियन रिमास्टर्ड’ हा संगणकावरचा खेळ उतरवायला घेतला तर दोन महिने सहज जातील. या खेळाला जागाच १२५ जीबी लागते. २००६चा मूळ खेळ ५ जीबीच्या आत मावायचा.

रोल-प्लेइंग खेळ नटून परत आला की जो तो चित्रं बघतो. चित्रं देखणी आहेतच. एप्रिल २०२५च्या या आवृत्तीत वरचा साज अनरिअल इंजिन ५चा, आत इंजिन जुनंच. पण दुरुस्ती काय केली, ते आधी सांगा. मूळ खेळात पातळी वाढताना ताकद किती वाढणार, हे कोणतं कौशल्य किती वापरलं त्यावर ठरायचं. पोरं वहीत हिशेब मांडायची. हिशेब चुकला की नायक दुबळा राहायचा आणि दरोडेखोर तगडे होत जायचे. आता ठरावीक गुण मिळतात, हवे तिथे घाला. ही खरी दुरुस्ती. दरोडेखोर मात्र अजूनही आपल्याबरोबर वाढतातच. एवढे पैसे घेता, तर ते दुखणं का ठेवलं? आमच्याकडे मंडईच्या जत्रेतल्या नाटकाला झाडीपट्टीचा प्रेक्षकही नुसत्या नव्या पडद्यासाठी रात्र जागवत नाही.

आणि जुन्या गिऱ्हाइकाचं काय? ‘विचर ३’ने डिसेंबर २०२२मध्ये नवं रूप फुकट दिलं. ‘स्कायरिम’ने २०१६मध्ये, पीसीवर सगळ्या पुरवण्यांसह खेळ घेतलेल्यांना ६४-बिट आवृत्ती फुकट दिली, खेळाडूंनी बनवलेले मॉड लावले की खेळ कोसळायचा, ते बरंच कमी झालं. ‘ऑब्लिव्हियन’ने मात्र जुन्या मालकांकडूनही नव्याने पैसे मागितले. हा सरळ अन्याय आहे.

माझं मत असं: कधीच खेळला नसाल आणि ग्राफिक्स कार्ड दमदार असेल, तर सेलमध्ये घ्या. आधी खेळला असाल, तर जुनाच पुन्हा काढा.

‘आवडला नाही तर परत करू’ या भरवशावर तर मुळीच राहू नका. स्टीम या ऑनलाइन दुकानात पैसे परत मिळतात, पण खरेदीपासून १४ दिवसांत आणि खेळ २ तासांहून कमी खेळला असेल तरच. दिवसाच्या २ जीबीवर १४ दिवसांत २८ जीबी उतरतात. मुदत संपते तेव्हा खेळ सुरूही झालेला नसतो. म्हणून आधी साकोलीला किंवा भंडाऱ्याला फायबर असलेलं मित्राचं घर गाठा, खरेदीचं बटण तिथे गेल्यावर दाबा.