चौदा इंची तोरा

घरच्या वर्कशॉपसाठी बँडसॉ घेणारा हौशी सुतार आधी विचारतो, “किती इंची?” चौदा ऐकलं की गडी खूश. १४ इंच हा चाकाचा व्यास. पात्यापुढे उंचीला मावतं साधारण ६ इंचांचं लाकूड, हे पैसे भरल्यावर उमगतं. मग खांबात जोडठोकळा घालून ६ चे १२ करायचे. मोटर तीच, एक हॉर्सपॉवरची. सागाचा रुंद ठोकळा उभा चिरताना ती कण्हू लागते.

आणि यंत्रावर सढळ हातानं पैसे ओतणारा हा गृहस्थ पात्यापाशी येऊन एकदम काटकसरी होतो! फळ्या पाडायला इंचाला तीनच दात नि अर्धा-पाऊण इंच रुंदीचं धारदार पातं हवं. याचा भरवसा यंत्राबरोबर फुकट आलेल्या बारीक दातांवर. खाचांत भुसा कोंदतो, पातं तापतं, भरकटतं. फळी एका कडेला पाट, दुसरीकडे पापड. दोष अर्थात यंत्राचा, म्हणून आता अठरा इंचीची चौकशी सुरू आहे. वखारवाला तोच ठोकळा बोलता बोलता चिरून देईल, पण मग मित्रांना दाखवायचं काय?